निवृत्तीनंतर दूरच्या मिशनवर : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच विषयाची आहेत. ‘चर्च ऑफ जीझस ख्राईस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, म्हणजे लोक ज्याला मॉर्मन चर्च म्हणतात, त्या चर्चतर्फे निवृत्त नवरा-बायको मिळून घरापासून दूर सेवेला जातात. काही वाचक स्वतः त्या तयारीत आहेत, काहींचे शेजारी निघाले आहेत, तर काहींना फक्त ही माणसं कोण हे जाणून घ्यायचं आहे.

प्रश्न : आमच्या सोसायटीत साठीच्या पुढचं एक परदेशी जोडपं राहायला आलंय. दोघांच्या छातीवर काळी नावपट्टी असते, एकावर ‘एल्डर’ आणि दुसरीवर ‘सिस्टर’. ही नेमकी कोण? त्यांना जेवायला बोलवायचं आहे. काही पथ्यपाणी असतं का? — एक वाचक, बंगळूर

ते ज्येष्ठ मिशनरी आहेत. एल्डर आणि सिस्टर ही मिशनच्या काळातली संबोधनं, पुढे आडनाव लावायचं. सायकलवर किंवा पायी फिरणारे विशी-बाविशीचे मिशनरी तुम्ही पाहिले असतील. त्यांचं मुख्य काम धर्माची शिकवण देणं हे असतं. ज्येष्ठ जोडप्यांचं तसं नसतं. त्यांच्याकडून दारोदार जाण्याची अपेक्षा नसते आणि तरुणांचं घड्याळाला बांधलेलं वेळापत्रकही त्यांना लागू नसतं. मिशनचं, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या कामाच्या विभागाचं, कार्यालय सांभाळणं, तरुण मिशनऱ्यांची घरं आणि प्रकृती बघणं, छोट्या शाखांना आधार देणं, मदतकार्याचे प्रकल्प पाहणं, जुन्या दस्तऐवजांचं जतन, शिक्षणाचे कार्यक्रम अशी त्यांची कामं असतात. त्यांना पगार नसतो.

बंगळूरला या चर्चचं मिशन १९९३ पासून आहे, आणि २०१८ मध्ये तिथे मंदिर (टेम्पल, या चर्चची खास पवित्र वास्तू) बांधण्याची घोषणा झाली. त्यामुळे तुमच्या शहरात अशी माणसं दिसणं स्वाभाविक आहे. महाराष्ट्राशी या चर्चचा संबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना. ह्यू फिंडले नावाचे मिशनरी १८५२ मध्येच मुंबईत उतरले होते आणि पुढे पुण्यात त्यांनी काम केलं.

जेवणाचं म्हणाल तर चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य. दारात आल्या आल्या चहा टाकू नका. नकार देताना त्यांनाच अवघडल्यासारखं होतं. कोकम सरबत, पन्हं, ताक, आल्याचा काढा चालतो. मांसाहाराला बंदी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते सहसा दोन जेवणांचा उपास करतात, तेव्हा तो रविवार टाळा. पाणी उकळलेलं किंवा फिल्टरचंच द्या आणि तसं सांगा, कारण नव्या माणसाला विचारायचा संकोच वाटतो. कच्ची कोशिंबीर आणि चटणी पहिल्या भेटीत नको, वरणभात आणि गरम पोळी त्यापेक्षा बरी. त्यांच्या श्रद्धेबद्दल विचारलंत तर ते आनंदाने सांगतील. नाही विचारलंत तरी शेजारधर्म अडत नाही.

प्रश्न : आम्ही दोघं या चर्चचे सभासद आहोत. मी ६३, पत्नी ६०. मुलं मार्गी लागली. मिशनवर जायची इच्छा आहे. सुरुवात कुठून करायची, किती काळासाठी जावं लागतं आणि खर्च कोणाचा? — एक वाचक, नवी मुंबई

सुरुवात तुमच्या शाखाध्यक्षांपासून किंवा बिशपपासून, म्हणजे तुमच्या स्थानिक मंडळीच्या प्रमुखापासून. त्यांची मुलाखत, मग स्टेकच्या, म्हणजे अशा अनेक मंडळींच्या गटाच्या, अध्यक्षांची. तुमच्या भागात स्टेक नसून डिस्ट्रिक्ट (लहान गट) असेल तर दुसरी मुलाखत मिशनचे अध्यक्ष घेतात. अर्ज ऑनलाइन भरायचा. त्यासोबत डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, दातांच्या तपासणीचा फॉर्म आणि लसीकरणाची माहिती जोडायची. दातांचं काम लोक शेवटी ठेवतात आणि तिथेच अडकतात. रूट कॅनाल, कॅप, कवळी यांना अनेक फेऱ्या लागतात, म्हणून पहिली अपॉइंटमेंट दंतवैद्याचीच घ्या.

वयाला वरची मर्यादा नाही, कस लागतो तो तब्येतीचा. घरात अवलंबून असलेली मुलं नसावीत आणि स्वतःचा खर्च झेपायला हवा. कालावधी ६, १२, १८ किंवा २३ महिने असा निवडता येतो. २०११ मध्ये झालेल्या बदलानुसार परदेशात १८ महिन्यांपेक्षा कमी काळ जायचं असेल तर येण्याजाण्याचं भाडं जोडप्याने स्वतः भरायचं. त्याच वेळी राहण्याच्या खर्चातला जोडप्याचा वाटा महिन्याला कमाल १,४०० डॉलर असा ठरवला गेला. त्यात भाडं, वीज-पाणी आणि फर्निचर धरलेलं होतं आणि वरची रक्कम चर्चने भरायची होती. असे आकडे काळानुसार बदलतात, म्हणून तुमचा अंदाजपत्रकाचा कागद चालू यादीतल्या आकड्यावरूनच करा. ज्येष्ठांसाठी असलेल्या कामांची यादी चर्चच्या संकेतस्थळावर असते आणि तिथे प्रत्येक जागेच्या मासिक खर्चाचा अंदाज दिलेला असतो.

तरुण मिशनऱ्यांना कुठे जायचं ते निवडता येत नाही. ज्येष्ठांना मात्र पसंती कळवता येते. अंतिम निर्णय वरूनच येतो, पण पसंती नीट लिहिली तर उपयोग होतो. ‘कुठेही चालेल’ असं लिहून मोकळं होऊ नका. जिने चढता येतात का, थंडी सोसते का, रात्री गाडी चालवता येते का, संगणकावर हिशेब जमतो का, हे स्पष्ट लिहा.

खर्चाच्या अंदाजात तीन गोष्टी हमखास सुटतात : घरी चालूच राहणारा खर्च (सोसायटीचं मेंटेनन्स, मालमत्ता कर, विम्याचे हप्ते), अचानक परत यावं लागलं तर दोन तिकिटं, आणि परतल्यावर घर पुन्हा लावण्याचे पहिले दोन महिने. या तिन्हींसाठी वेगळी रक्कम मुदत ठेवीत ठेवा आणि ती मिशनच्या मासिक खर्चात मिसळू देऊ नका.

निघण्याआधी भारतातली कामं बरीच असतात. मुखत्यारपत्र इथेच करून नोंदवून ठेवा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी इथे कोणालातरी हेलपाटे घालावे लागतात. निवृत्तिवेतन असेल तर दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. वय ८० च्या पुढे असेल तर १ ऑक्टोबरपासून देता येतो. ‘जीवन प्रमाण’ या सरकारच्या ऑनलाइन सेवेत चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आहे, ती निघण्याआधी एकदा तुमच्याच फोनवर करून बघा. परदेशातून भारतीय दूतावासातही दाखला मिळतो.

सगळ्यात धोक्याची वस्तू म्हणजे मोबाईल क्रमांक. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं आणि पुढे तोच क्रमांक दुसऱ्याला मिळू शकतो. मग बँकेचा ओटीपी त्याच्याकडे जातो! म्हणून क्रमांकाचं रिचार्ज चालू ठेवा, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, आणि निघण्याआधी बँकेत जाऊन ईमेलवर ओटीपी मिळण्याची सोय आहे का ते विचारा. परदेशातल्या दीर्घ मुक्कामात खात्याचा प्रकार बदलावा लागतो का, हेही त्याच भेटीत लेखी विचारून घ्या.

प्रश्न : आईला मधुमेह आणि बाबांना रक्तदाब. दोघंही मिशनचा अर्ज भरणार आहेत. आजार लिहिला तर पाठवणार नाहीत अशी बाबांना भीती वाटते. — एक वाचक, नाशिक

त्यांना सांगा, लिहिल्याने अर्ज बुडत नाही. लपवल्याने मात्र माणूस अडचणीत येतो. कुठे पाठवायचं हे ठरवताना जवळ कोणत्या दर्जाचं रुग्णालय आहे ते पाहिलं जातं. खरी माहिती नसेल तर आई अशा गावी जाईल, जिथे तिचं इन्सुलिन मिळायला दिवसाचा प्रवास लागेल. नियंत्रणात असलेला मधुमेह किंवा रक्तदाब ही अनेक जोडप्यांची स्थिती असते. अर्ज भरण्याआधीच्या महिन्यांत औषध बदललेलं नसणं आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) स्थिर असणं, हे महत्त्वाचं.

औषधांची यादी रासायनिक नावाने टाइप करून डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं दुसऱ्या देशातल्या औषधवाल्याला कळत नाहीत. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतात, तसंच मिश्रण तिथे असेलच असं नाही. म्हणून प्रत्येक घटक आणि त्याचे मिलिग्रॅम वेगळे लिहून घ्या. ट्रामाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, अल्प्राझोलाम यांवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत. त्या देशाच्या दूतावासाकडून खात्री केल्याशिवाय ती बॅगेत टाकू नयेत. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं आणि ते केबिन बॅगेतच न्यायचं, कारण विमानाच्या सामानकक्षात ते गोठू शकतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. उघडलेलं पेन बहुतेक प्रकारांत २८ दिवस सामान्य तापमानाला चालतं, तरी डबीवरचा मजकूर वाचावा.

विमा दुहेरी लागतो. भारतातला मेडिक्लेम सहसा भारतापुरता असतो, म्हणून तिकडचा वेगळा घ्यायचा. पण ‘दीड वर्ष इथे नाहीच’ म्हणून इथला बंद करायचा नाही. पॉलिसी तुटली की जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतो आणि या वयात नवी पॉलिसी मिळणंही अवघड.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी याच विषयात एक उपयोगी गोष्ट. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांसाठीचा तिथला सरकारी आरोग्य विमा, सहसा देशाबाहेर चालत नाही, म्हणून काही जण त्याचा भाग ‘बी’ (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सोडून देतात. परत घेताना प्रत्येक पूर्ण १२ महिन्यांमागे हप्त्यावर १० टक्के दंड लागतो आणि तो पुढे कायम राहतो. करमुक्त संस्थेच्या कार्यक्रमातून किमान १२ महिने परदेशात स्वयंसेवा केली आणि त्या काळात आरोग्य विमा होता, तर परतल्यावर नोंदणीसाठी विशेष मुदत मिळते. त्यासाठी संस्थेचं पत्र आणि विम्याचा पुरावा जपून ठेवा.

प्रश्न : माझी बँकेतली नोकरी झाली, पत्नी परिचारिका होती. उपदेश करणं आम्हाला जमणार नाही. आमचा उपयोग काय? — एक वाचक, ठाणे

तुम्ही दोघं ज्या कामाचे आहात, त्याच कामाच्या माणसांची मिशनला सतत गरज असते.

एका मिशनमध्ये शंभराच्या आसपास तरुण मिशनरी असू शकतात. ते दोघा-दोघांनी भाड्याच्या घरांत पसरलेले असतात आणि बहुतेक पहिल्यांदाच घराबाहेर राहत असतात. मिशनचे अध्यक्ष आणि त्यांची पत्नी तीन वर्षांसाठी येतात. साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात. नवी मुलं येतात, मुदत संपलेली जातात, जोड्या फिरतात. या सगळ्याला भाडं, विजेची बिलं, व्हिसा, किल्ल्या, तिकिटं आणि गाद्या लागतात. बँकेतला माणूस इथे सोन्यासारखा. बदलीच्या आठवड्यात कार्यालयातलं काम दुप्पट होतं, तेव्हा त्या आठवड्यात स्वतःचे कोणतेही बेत ठेवू नयेत.

घरांचं काम घेतलंत तर भारतातल्या अटी नीट जाणून घ्या. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार बंधनकारक आहे. करार अकरा महिन्यांचा असला तरी. परदेशी मिशनरी राहणार असेल तर घरमालकाने २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर पोहोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागते. यात गोंधळ होतो तो एकाच कारणाने : करार एका नावावर, वीजबिल दुसऱ्या नावावर आणि राहणारा तिसराच. करार होतानाच घरमालकाचं ओळखपत्र, वीजबिल आणि राहणाऱ्यांची यादी एका फाईलमध्ये ठेवा.

घरांची तपासणी हे काम वरवर किरकोळ दिसतं. आमच्या मते ज्येष्ठ जोडपं करत असलेल्या कामांत याच्या तोडीचं दुसरं नाही, कारण यात मुलांचा जीव वाचतो. तपासणीला जाताना दोघांनी कामं वाटून घ्यावीत.

गॅसचं आधी. गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर ते घर घेऊच नका. आधीच घेतलेलं असेल तर गीझर बाहेर काढल्याशिवाय वापरू देऊ नका. बंद बाथरूममध्ये ज्वलनाला हवा पुरत नाही, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो आणि आंघोळ करणारा काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. दारू किंवा घातपाताचा संशय यावा अशा तऱ्हेने धडधाकट मुलं बाथरूममध्ये सापडतात, त्यामागे अनेकदा हेच असतं. सिलिंडरच्या सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की ती बदला. जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही बघू नका. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर झोपण्याच्या जागेजवळ हवा. त्याचं बटण दर महिन्याला दाबून पाहायचं. त्याच्या मागे आयुष्य संपण्याची तारीख असते, बहुतेक यंत्रांत सात ते दहा वर्षं. ती उलटल्यावर नुसती बॅटरी बदलून भागत नाही.

मग पाणी. फिल्टरची कँडल शेवटी कधी बदलली ते मुलांना आठवत नाही. तारीख फिल्टरवरच मार्करने लिहा. टाकीचं झाकण उघडून आत बघा. एका घरातल्या दोघांनाही वारंवार जुलाब होत असतील तर औषध बदलण्याआधी टाकी आणि फिल्टर बघा.

गादीच्या शिवणी उलगडून पाहा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. ती गादी दुसऱ्या घरात हलवू नका, नाहीतर पुढच्या बदलीत ढेकूण साऱ्या मिशनभर पसरतील. कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात किंवा ड्रायरमध्ये वाळवायचे, आणि दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा फवारणी, कारण पहिल्या फवारणीतून अंडी वाचतात.

तुमच्या पत्नीची नजर इथे फार कामाची. फ्रीज उघडला की मुलं काय खातात ते कळतं. नुसते नूडल्स आणि बिस्किटं दिसली तर अंडी, डाळ, दही, केळी एवढी चार नावं लिहून द्यावीत आणि डाळीचा कुकर एकदा समोर लावून दाखवावा. परिचारिकेने एक मर्यादा मात्र पाळायची. तिला त्या देशात वैद्यकीय परवाना नसतो, त्यामुळे सल्ला, पाठपुरावा आणि डॉक्टरकडे नेणं एवढंच. ‘हे घे, बरं वाटेल’ म्हणून आपल्या पिशवीतलं प्रतिजैविक देणं पूर्ण बंद. मुलगा झोपत नाही, बोलत नाही, वजन उतरतंय असं दिसलं तर ते त्याच दिवशी मिशनच्या अध्यक्षांना कळवायचं, पुढच्या तपासणीपर्यंत थांबायचं नाही.

गाड्या असतील तर दर महिन्याला किलोमीटर, टायरची हवा, ऑइल आणि विम्याची तारीख. गाडी मागे घेताना सोबतच्याने खाली उतरून मागे उभं राहायचं, हा मिशनचा नियम आहे आणि तो ज्येष्ठांनीही पाळावा. बारीकसारीक ठोकरी बहुतेक मागे घेतानाच लागतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार कळकळीने सांगायची आहे. जुनं जोडपं परततं तेव्हा नवं जोडपं अनेकदा आलेलंच नसतं. घरमालकांचे क्रमांक, अनामत किती, करार कधी संपतो, कुठली किल्ली कुठली, हे सारं एका माणसाच्या डोक्यात असतं आणि त्याच्याबरोबर विमानात बसून जातं. बंगळूरसारख्या शहरात अनामत रक्कम कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढी असू शकते. पावती हरवली तर पैसे हरवले. पहिल्याच आठवड्यात एक वही सुरू करा. प्रत्येक घराला एक पान : पत्ता, मालक, अनामत, करार संपण्याची तारीख, मीटर क्रमांक, प्लंबर, शेजारी आणि ‘या घराची खोड’. शेवटचा रकाना सर्वात उपयोगी पडतो.

प्रश्न : सॉल्ट लेक सिटीतले आमचे शेजारी १८ महिन्यांसाठी मिशनवर निघालेत आणि घराची किल्ली आमच्याकडे देऊन जाणार आहेत. आमची जबाबदारी नेमकी काय? — एक वाचक, युटा

आधी कागद करून घ्या. आत जाण्याची परवानगी, दुरुस्तीसाठी न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करायचा तो आकडा, आणि रात्री फोन कोणाला करायचा. त्यांच्या घरविम्यात घर रिकामं राहण्याबद्दल अट असते. पुष्कळ पॉलिसींमध्ये ३० किंवा ६० दिवसांनंतर पाणी फुटणं, तोडफोड यांची भरपाई आटते. विमा कंपनीला कळवून लेखी जोडपत्र घ्यायला त्यांना सांगा. ते निघून गेल्यावर हे तुमच्याकडून होणार नाही.

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे नळ उघडून पाइप रिकामे करायचे, टॉयलेटचा फ्लशही. हीटिंग बंद करायचं नाही. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली नको. बागेच्या स्प्रिंकलरचे पाइप थंडीआधी दाबाच्या हवेने रिकामे करून घ्यावे लागतात. उन्हाळ्यात घरात गटाराचा वास आला तर घाबरू नका : मोरीच्या वाकड्या नळीतलं पाणी सुकलेलं असतं. महिन्यातून एकदा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओता. सॉल्ट लेक सिटीत घरासमोरच्या पदपथावरचा बर्फ हिमवर्षाव थांबल्यापासून २४ तासांत काढायचा नियम आहे. ते काम पैसे देऊन कोणाला लावायचं हे शेजाऱ्यांनीच ठरवून जावं.

टपालाचं तात्पुरतं पुनर्निर्देशन आधी सहा महिने, मग वाढवून एकूण एक वर्षच मिळतं. मिशन १८ महिन्यांचं, म्हणजे शेवटचे सहा महिने टपाल घरीच पडणार. बँक, कर आणि विमा हे सगळं आधीच ऑनलाइन करून घ्यायला सांगा.

प्रश्न : आम्ही अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे. मिशनसाठी भारतात आलो तर वेगळ्या व्हिसाची गरज नाही ना? — एक वाचक, न्यू जर्सी

थांबा. ओसीआय कार्डावर आजन्म प्रवेश मिळत असला तरी मिशनरी कामासाठी वेगळी विशेष परवानगी घ्यावी लागते. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ते स्पष्ट आहे. ती नसताना नावपट्टी लावून काम सुरू केलंत तर कार्डच धोक्यात येईल. ज्यांच्याकडे ओसीआय नाही अशा परदेशी नागरिकांसाठी भारताचा मिशनरी व्हिसा हा स्वतंत्र प्रकार आहे आणि पर्यटक व्हिसावर हे काम चालत नाही. शिवाय अनेक राज्यांत धर्मांतरासंबंधी कायदे आहेत. ओडिशाचा १९६७ चा, मध्य प्रदेशात १९६८ पासून, पुढे इतर राज्यांत. ज्या राज्यात राहणार तिथला कायदा वकिलाकडून समजून घ्या. जेवण, औषध किंवा मदत यांच्याशी धर्माची गोष्ट कधीही जोडू नका. हे कायद्यापुरतं नाही. मदत घेणाऱ्याचा मान राहावा म्हणूनही.

स्वतःच्या भाषिक प्रदेशात परतलेल्या जोडप्याने किती करता येतं, याचं उदाहरण याच चर्चच्या इतिहासात आहे. सामोआत राहणारे एडविन आणि एल्सी धर्मराजू १९७८ मध्ये मिशनरी म्हणून हैदराबादला आले आणि त्यांच्या नातलगांतून तिथल्या शाखेचा पाया घातला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नायजेरिया आणि घानामध्ये पहिले मिशनरी म्हणून मेबी आणि कॅनन ही दोन ज्येष्ठ जोडपीच पाठवली गेली होती.

प्रश्न : यांना माझ्या प्रत्येक कामात सूचना करायची सवय आहे. नोकरी होती तोवर दहा तास सुटका होती. तिकडे चोवीस तास एका खोलीत कसं निभावणार? — एक वाचक, पुणे

ताई, हा प्रश्न तुम्ही निघण्याआधी विचारलात हे फार बरं झालं.

आधी एक चाचणी करा. ओळखीच्या नसलेल्या गावात दोन-तीन आठवडे एका खोलीत राहा, गाडी नाही, मोलकरीण नाही, ठरावीक पैशांत. काय खुपतं ते तिथे कळतं. मग कामांची मालकी वाटा. हिशेब एकाचा, स्वयंपाकघर एकाचं, रस्ता शोधणं एकाचं, लोकांशी फोनवर बोलणं एकाचं. ज्याचं काम त्याचा निर्णय; दुसऱ्याने विचारल्याशिवाय बोलायचं नाही. गाडीत हे विशेष पाळा. उजव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीत, अनोळखी फाट्यावर, शेजारून आलेली सूचना अपघाताला कारण होते.

ज्येष्ठ जोडप्यांवर तरुणांसारखं सतत सोबतीला राहण्याचं बंधन नसतं. तुम्ही एकट्या फिरायला जाऊ शकता, मुलीशी हवं तेव्हा बोलू शकता. आठवड्यातला तयारीचा दिवस नुसता धुणं-बाजारात घालवू नका, त्यातले दोन तास प्रत्येकाचे स्वतःचे असू द्या. रविवारी संध्याकाळी अर्धा तास बसून पुढच्या आठवड्याची कामं ठरवा आणि ‘या आठवड्यात मला काय जड गेलं’ हे दोघांनीही सांगा, उत्तर न देता ऐकायचं. पहिले दीड-दोन महिने सर्वात कठीण जातात. काम ठरलेलं नसतं, भाषा कळत नाही, ओळखी नसतात आणि सगळा राग घरातल्या एकाच माणसावर निघतो. त्या काळात परत जायचा निर्णय घेऊ नका. प्रकृतीचं कारण असेल तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : सून गरोदर आहे. मिशनवर असताना बाळंतपणाला घरी यायला मिळेल का? — एक वाचक, कोल्हापूर

मिशनच्या अध्यक्षांच्या परवानगीने, स्वखर्चाने, थोड्या दिवसांसाठी घरच्या महत्त्वाच्या प्रसंगाला येता येतं. पण बाळंतपण म्हटलं की आपल्याकडे सव्वा महिना. तेवढं थांबायचंच असेल तर निघण्याची तारीखच पुढे घ्या. अर्जात उपलब्धतेची तारीख तुम्हीच लिहायची असते. सहा महिन्यांचं मिशन हाही मार्ग आहे, आणि घरी राहून आठवड्याचे काही तास करायची सेवाही आहे.

प्रश्न : सामानात काय न्यावं? — एक वाचक, सांगली

मिक्सर नेण्याआधी तिथला विजेचा दाब पाहा. अमेरिकेत ११०-१२० व्होल्ट असतो, आपला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे रखडतो. फिलिपिन्समध्ये २२० आहे, पण पिन वेगळी. छोटा प्रेशर कुकर, जास्तीची एक रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह न्या, ते तिथे सहज मिळत नाहीत. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला जाणार असाल तर खाण्याची प्रत्येक वस्तू तिथे उतरताना भरायच्या फॉर्मवर लिहा. न लिहिलेल्या तुपाच्या डबीला आणि बियांच्या पुडीला जागेवर दंड होतो. चष्म्याच्या दोन जोड्या आणि नंबरचा कागद. चांगले, वापरून सैलावलेले बूट दोन जोड. नवे कोरे नकोत. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढा, पण तो एकच वर्ष चालतो. १८ महिन्यांच्या मिशनवर तिथली परीक्षा द्यावी लागेल, तेव्हा पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच तिची पुस्तिका मिळवा.